पिशवीतली कुपी आणि "सगळेच घेतात"

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १७ वर्षांचा, दोन वर्षांपासून तालमीतच राहायला. सुट्टीला घरी आला, कपडे धुवायला काढताना लंगोटाच्या पिशवीत एक रिकामी काचेची कुपी आणि सिरिंज निघाली. विचारलं तर म्हणाला, "माझी नाही, पोरांची आहे. आणि घेतात सगळेच." वडील म्हणतात, उद्यापासून तालीम बंद. तुम्ही विचारताय की वळणाचा मुलगा असल्या नादाला का लागेल, आणि त्याला समजवायचं कसं.

मी कोल्हापूर-सांगली पट्ट्यात २२ वर्षं खेळाडूंवर उपचार करतोय. त्याआधी सात वर्षं स्वतः मातीत होतो, उजवा कान मोडलाय तो तेव्हाचाच. त्यामुळे तालमीची बाजूही मला कळते आणि दवाखान्याचीही.

आधी ती कुपी. रागाच्या भरात फेकून दिली नसेल तर जपून ठेवा आणि लेबल वाचा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बी-ट्वेल्व्ह किंवा दुखण्यावरचं साधं इंजेक्शन असेल तर काळजी वेगळी. मेफेन्टरमाइन असेल तर ते ऑपरेशनच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. तालमीत आणि जिममध्ये ते दम टिकावा म्हणून टोचतात, आणि त्याची सवय लागते. नँड्रोलोन किंवा टेस्टोस्टेरॉन असेल तर ते स्टेरॉइड, आणि वाढीच्या वयात ते हाडांची टोकं लवकर बंद करतं. मुलाची उंची तिथेच थांबू शकते. या तिन्हींना आपल्याकडे एकच नाव आहे, 'ताकदीचं इंजेक्शन'. निम्मा घोळ या नावातच आहे. गावातला डॉक्टर अशक्तपणावर म्हातारीला देतो तेही ताकदीचंच आणि पैलवान घेतो तेही ताकदीचंच, मग पोराला त्यात गैर काय वाटणार?

आता तुमचा 'का'. तुम्ही असं धरून चालला आहात की मुलाने एके दिवशी बसून विचार केला आणि फसवायचं ठरवलं. मी शेकड्याने पोरं तपासली, पण असं ठरवून आलेला मला क्वचितच भेटला. बहुतेकांना विचारलं, "पहिलं कधी घेतलंस?" तर त्यांना तारीख सांगता येत नाही. कारण पहिलं पाऊल इंजेक्शनचं नसतंच. आधी खुराक असतो. दूध, तूप, बदाम, थंडाई. महिन्याचा खुराक घरच्यांना झेपेना की थोरला पैलवान म्हणतो, पावडरचा डबा लाव, स्वस्त पडतो. मग पावडर येते. मग व्यायामाआधी घ्यायची दुसरी पावडर, जिने अंगाला मुंग्या येतात. मग गुडघा सुजतो आणि सराव चुकू नये म्हणून गोळी, गोळीने भागेना म्हणून सुई. सुईची भीती एकदा गेली की सुईत काय आहे हा प्रश्न मागे पडतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा बोटभरच उंच असते आणि प्रत्येक पायरीवर हात धरायला कुणीतरी विश्वासाचं माणूस असतं.

म्हणून माझ्याकडे असा मुलगा आला की मी "का घेतलंस" विचारत नाही. "कुणी दिलं आणि तेव्हा काय चाललं होतं" हे विचारतो. उत्तरं फार वेगळी नसतात. देणारा बहुतेक वेळा खोलीतला थोरला पैलवान असतो, नाहीतर ओळखीचा मेडिकलवाला, कधी जिमचा ट्रेनर. वस्ताद कमी वेळा, पण वस्तादांना माहीत असून ते बोलले नाहीत असं बऱ्याचदा. आणि वेळ? दुखापतीतून परत येण्याची, वजन उतरवण्याची, निवड चाचणीच्या आधीची, किंवा सलग दोन कुस्त्या हरल्यानंतरची. याच चार-पाच वेळा.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटणार नाही इतपत बदलून. एक मुलगा, बापाने दोन म्हशी विकून तालमीत घातलेला. जिल्हा निवडीच्या १२ दिवस आधी माझ्याकडे आला, वजन गटापेक्षा साडेचार किलो जास्त. ओठ फुटलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. मी म्हटलं, लघवी होते का? म्हणाला, "गोळी घेतल्यापासून लई होते." कुणीतरी त्याला लघवीची गोळी दिली होती. हृदयाच्या रुग्णाला अंगातलं पाणी काढायला देतात ती. अशा गोळ्या खेळाडूंसाठीच्या बंदी यादीत आहेत, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही, कारण त्यांनी दुसरं औषध लघवीत लपवता येतं. पण त्याला लपवायचं काहीच नव्हतं, त्याला काट्यावर बसायचं होतं. मी विचारलं, वरच्या गटात का खेळत नाहीस? तो माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच माझा प्रश्न खुळा वाटला. वरच्या गटात त्याच्याच तालमीतला वस्तादांचा पुतण्या होता.

असल्या ठिकाणी चारित्र्याची चर्चा करून काय साधणार? त्या मुलाला वजनाचं वेळापत्रक सहा आठवडे आधी कुणी आखून दिलं असतं तर गोळीची वेळच आली नसती.

पैशाचंही बोलायला हवं. आपल्याकडे कुस्ती म्हणजे नुसती हौस राहिलेली नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण, जत्रेच्या मैदानात लाखांची इनामं, महाराष्ट्र केसरीला गदेबरोबर चारचाकी. मोठं पदक आलं तर थेट पोलीस उपअधीक्षक झालेले पैलवान पोरांनी डोळ्यांनी पाहिलेत. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि सोसायटीचं कर्ज आहे, तिथल्या पोराच्या खांद्यावर हे सगळं बसतं. पोलीस भरतीचं तेच. १६०० मीटरला दोन-चार सेकंदांनी गुण घसरतात आणि गावातली चाळीस पोरं पहाटे त्याच रस्त्यावर पळत असतात. तिथे कुणी सुई पुढे केली तर नाही म्हणायला बळ लागतं, आणि ते बळ १७व्या वर्षी एकट्याकडे नसतं.

आता "सगळेच घेतात". या वाक्यावर मी जास्त वेळ घालवतो, कारण पुष्कळ पोरं याच वाक्यावरून घसरतात. ते खरं आहे का? पूर्ण खोटं म्हणता येत नाही. २०११ साली दक्षिण कोरियातल्या देगूला जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. तिथे संशोधकांनी खेळाडूंना अशा पद्धतीने प्रश्न विचारला की उत्तर देणारा नेमका कोणत्या प्रश्नाला 'हो' म्हणाला, जन्मतारखेच्या की डोपिंगच्या, हे फक्त त्यालाच ठाऊक. त्यातून अंदाज निघाला की मागच्या वर्षभरात ४३.६ टक्के खेळाडूंनी बंदी असलेलं काहीतरी घेतलं होतं. प्रयोगशाळेत मात्र शंभरात एखाद-दुसराच सापडतो. आपल्याकडचं बघा. २०२२ साली भारतातले ३,८६५ नमुने तपासले, त्यातल्या १२५ मध्ये बंदी असलेलं काहीतरी निघालं, म्हणजे ३.२ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण फार वरचं होतं. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत काय झालं ते आठवत असेल. नाडाची, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची माणसं मैदानावर आल्याचं कळताच पोरं गायब झाली, पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच धावला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंजचा खच पडल्याचे व्हिडिओ त्याआधीच फिरत होते.

तरी देगूच्या आकड्यातही निम्म्याहून जास्त खेळाडू न घेणारेच निघाले, हे कुणी सांगत नाही. जो घेतो त्याला आजूबाजूचे घेणारे जास्त वाटतात, हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय आणि माझ्या दवाखान्यातही रोज दिसतं. एकाच तालमीतल्या दोघांना मी वेगवेगळं विचारलं होतं, तुमच्यात किती जण घेतात? घेणारा म्हणाला, वीसातले अठरा. न घेणारा म्हणाला, चार-पाच असतील. दोघं एकाच खोलीत झोपायचे. जो घेत नाही तो गप्प असतो, कारण बोलला तर 'लई शहाणा' ठरतो. घेणारा मात्र बोलतो, शिकवतो, आणून देतो. मग तालमीत आवाज एकाच बाजूचा राहतो. तुमच्या मुलाला म्हणा, नावं नको सांगूस, फक्त बोटं मोडून मोज की न घेणारे किती. बहुतेक वेळा मोजता मोजता पोरगं स्वतःच थबकतं.

पकडलं जाण्याची भीती दाखवावी का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. थोडी दाखवा, फार नको. गावच्या फडात चाचणी नसते हे पोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. "पकडला जाशील" म्हटलं आणि चार मैदानं काहीच झालं नाही, की तुमचा शब्द गेला. किडनी निकामी, नपुंसकत्व, मृत्यू अशा चित्रांची भाषणंही मी सुरुवातीची काही वर्षं पदरमोड करून दिली. पोरं टाळ्या वाजवायची आणि बाहेर जाऊन आपापसात म्हणायची, अमक्या पैलवानाला कुठं काय झालं? अमेरिकेत ओरेगनला १९९०च्या सुमारास शाळकरी फुटबॉलपटूंवर हे तपासून पाहिलं होतं. नुसत्या भीतीच्या व्याख्यानाने मतं फारशी बदलली नाहीत. नंतर त्यांनी संघातल्याच मुलांकडून, खाणं आणि व्यायाम नीट शिकवत, नाही कसं म्हणायचं याचा सराव करून घेत कार्यक्रम चालवला, तेव्हा फरक दिसला. ते वाचल्यावर मी भाषणं बंद केली आणि खुराकाचं गणित मांडायला लागलो.

पण नियम काय आहे हे मुलाला नीट माहीत हवं, कारण इथे अडाणीपणाची किंमत मोठी आहे. नियम असा की तुझ्या लघवीत सापडलं तर जबाबदार तू. कुणी दिलं, का दिलं, हे शिक्षा ठरवताना बघतात, पण दोष आधी तुझ्या नावावर लागतो. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचं सगळ्यांना आठवतं. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडिनोन हे स्टेरॉइड सापडलं. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं असं त्याचं म्हणणं होतं. ते नाडाने मान्य केलं, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने नाही, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. त्याच्या उलट क्रिकेटपटू पृथ्वी शॉ. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं, जे खोकल्याच्या औषधात असतं. फसवायचा हेतू नव्हता हे क्रिकेट मंडळाने मानलं, तरी आठ महिने गेलेच. मुंबईच्या, भारताकडून कसोटी खेळलेल्या मुलाला मेडिकलमधलं खोकल्याचं औषध नडतं, तर तालुक्याच्या पोराचं काय होईल? स्टेरॉइडला साधारण चार वर्षं. अठराच्या आतल्या बहुतेक मुलांना नियमात थोडी सवलत आहे, कुठून आलं हे सिद्ध करायची सक्तीही त्यांना नाही, पण ते सांगितलं नाही तर आपला मोठा दोष नव्हता हे पटवणं अवघड जातं, आणि पोरं तिथेच गप्प बसतात, मित्राचं नाव घ्यायचं नाही म्हणून.

चाचणीची खोली कशी असते हे मी पोरांना नाटक करून दाखवतो. कुस्ती सुटल्यावर एक माणूस जवळ येतो, सही घेतो आणि तिथून सावलीसारखा बरोबर राहतो. खोलीत तीन-चार सीलबंद खोकी असतात, त्यातलं एक तू स्वतः निवडायचं. भांड्यात किमान ९० मिलिलिटर लघवी, आणि ती होताना समोर एक माणूस उभा, नजर न हटवता. अंगातलं पाणी काढून वजन केलेल्या पोराला तिथे दोन-दोन तास लागतात. मग ए आणि बी अशा दोन बाटल्यांत ते तूच ओतायचं, तूच झाकण फिरवायचं, ते कट-कट वाजतं आणि परत उघडत नाही. शेवटी फॉर्मवर मागच्या सात दिवसांत काय काय घेतलं ते लिहायचं. इथे मी थांबतो आणि म्हणतो, लिही. पोरं पेन घेऊन बसतात आणि लिहिता येत नाही, कारण नावंच माहीत नसतात. 'पांढरी पावडर.' 'गुडघ्याचं इंजेक्शन.' एकाने लिहिलं होतं, 'आण्णांनी दिलेलं.' मला वाटतं तासाभराच्या भाषणाचं काम तो रिकामा कागद करतो.

गुडघ्याच्या इंजेक्शनवरून एक. १ जानेवारी २०२२ पासून कॉर्टिसोनच्या जातीची औषधं स्पर्धेच्या काळात सुईने घ्यायला बंदी आहे, सांध्यात टोचलेलीसुद्धा. आपल्याकडचे बरेच हाडांचे डॉक्टर हे विचारात घेत नाहीत, कारण समोरचा खेळाडू आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मुलाला एक वाक्य पाठ करायला लावा: "डॉक्टर, मी स्पर्धा खेळतो, हे औषध चालतं का बघा." खरंच ते औषध लागणार असेल तर आधी परवानगी मागायची सोय आहे. यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचं उत्तर यंदा धरू नका.

आणि पावडर. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतले ६३४ पूरक आहाराचे नमुने तपासले, त्याचा निकाल २००४ साली छापून आला. त्यातल्या ९४ मध्ये डब्यावर न लिहिलेले स्टेरॉइडसदृश पदार्थ निघाले, म्हणजे सातात एक. तुमच्या मुलाचा डबा कुठला आहे ते बघा. सील नाही, बिल नाही, किंवा डब्यातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत दिलेली असेल तर आजच बंद करा. खरोखर गरज असेल तर प्रत्येक बॅच तपासल्याचा शिक्का असलेलीच घ्या. महाग पडते, म्हणून आधी हिशेब करा की गरज आहे का. शेंगदाणे, डाळ, अंडी, दूध यांवर १७ वर्षांच्या पैलवानाचं प्रथिनांचं बरंचसं भागतं. आहारतज्ज्ञाकडे एकदा जा आणि तो कागद तालमीच्या स्वयंपाक्याला द्या. मी हे काही वेळा केलंय. सगळीकडे जमलं नाही, एका तालमीत मात्र पोरांनी वर्गणी काढून पहाटेचं उकडलेलं अंडं सुरू केलं.

आता घरी काय करायचं. वडिलांचं "तालीम बंद" मला कळतं, पण घाई नको. दोन गोष्टींवर ते ठरेल: कुपीत काय आहे आणि वस्ताद काय म्हणतात. मुलाने स्वतः सवयीने घेतलेलं असेल आणि तालमीतूनच पुरवठा होत असेल तर काढाच, दुसरीकडे घाला, कुस्ती तोडू नका. एकदा-दोनदा घेतलं असेल, किंवा खरंच मित्राची कुपी असेल, तर आत्ता तालीम सोडवून तुम्ही त्याला एवढंच शिकवाल की आईला खरं सांगितलं की कुस्ती जाते. पुढच्या वेळी कुपी तुम्हाला सापडणारच नाही.

बोलताना शपथ घालू नका. शपथेवर पोरं खोटं बोलतात आणि मग त्या खोट्याला धरून बसतात. जेवण झाल्यावर, वडील नसताना, कुपी समोर ठेवून म्हणा, "तुझी असो नाहीतर नसो, मला यातलं कळत नाही, तू सांग हे कशाला घेतात." आणि मग गप्प राहा. मिनिट-दोन मिनिटं जड जातील, जाऊ द्या. मग विचारा की गुडघा, खांदा काही दुखतोय का, वजन किती उतरवायला सांगितलंय, पुढची निवड कधी आहे. उत्तर बहुधा तिथे मिळेल.

वस्तादांना भेटायला वडिलांना एकटं पाठवू नका, भांडण होईल. तुम्ही दोघं जा, नारळ नेलात तर उत्तमच, आणि तक्रार करू नका, मदत मागा. म्हणा, पोराच्या औषधाचं आम्हाला विचारल्याशिवाय काही करू नका, दुखलं तर आम्ही डॉक्टरकडे नेऊ. चांगला वस्ताद हे ऐकून सुटकेचा श्वास टाकतो, कारण त्यालाही खोलीत काय चाललंय हे आवरत नसतं. हसण्यावारी नेलं किंवा "एवढं तर लागतंच" असं म्हणाले तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. नियम त्यांनाही लागू आहेत. अल्पवयीन खेळाडूला स्टेरॉइड देणाऱ्या प्रशिक्षकाला आजीवन बंदी होऊ शकते. हे त्या भेटीत बोलू नका, पण माहीत असू द्या.

तपासणी लगेच करून घ्या: रक्तदाब, लिव्हर, लिपिड, टेस्टोस्टेरॉन. चेहऱ्यावर आणि पाठीवर अचानक पुटकुळ्या, छातीत गाठ किंवा दुखणं, झोप उडणं, विनाकारण चिडणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरला आधी सांगा. मेफेन्टरमाइनची सवय लागली असेल तर ते सुटल्यावर पोरगं काही दिवस गळून जातं, उदास होतं, कधी स्वतःला संपवायचं बोलतं. त्याला "आळशी झालास" म्हणू नका आणि एकटं ठेवू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि तसलं काही बोलला तर त्याच दिवशी न्या. गावात कुणी काय म्हणेल याचा विचार नंतर करता येतो.

लेबल पुसलेलं असेल तर काचेवर कोरलेलं किंवा झाकणाच्या कडेला काही छापलेलं दिसतं का ते दिवसाच्या उजेडात बघा, मोबाईलने फोटो काढून मोठा करा. जे नाव दिसेल ते इथे लिहा, मी सांगतो ते काय आहे. मुलाचं, तालमीचं किंवा गावाचं नाव मात्र लिहू नका.